साठेक खासदार गेले कुठे? स्पेनचा रॅडिकल समाजवादी पक्ष (१९२९–१९३४)

दप्तरखाना (धागाकर्ता)

जून १९३१ मध्ये स्पेनची घटनासमिती निवडली गेली. समाजवादी पहिले, लेरूंचा रॅडिकल पक्ष दुसरा. तिसरा कोण, असं विचारलं की बहुतेक जण अथान्यांच्या (हेच पुढे पंतप्रधान झाले) 'आक्सियोन रेपुब्लिकाना'चं नाव घेतात. ते चूक आहे. अथान्यांकडे तिसाच्या आतबाहेर जागा होत्या. तिसरा होता 'पार्तिदो रेपुब्लिकानो रादिकाल सोसियालिस्ता', म्हणजे रॅडिकल समाजवादी प्रजासत्ताकवादी पक्ष. पुढे सोयीसाठी 'रॅस' म्हणतो. वेगवेगळ्या तक्त्यांत त्याच्या ५५ ते ६१ जागा दिसतात.

नोव्हेंबर १९३३ च्या निवडणुकीनंतर त्याच पक्षाच्या दोन तुकड्यांचे मिळून निवडून आलेले लोक एका हाताच्या बोटांवर मोजता येत होते. १९३४ संपायच्या आत पक्ष नावालाही उरला नाही.

आधी सांगाडा मांडतो, मग ज्याला जो भाग माहीत आहे त्याने भर घालावी.

पक्ष १९२९ मध्ये निघाला. प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांची 'आलियान्सा रेपुब्लिकाना' ही आघाडी होती. तिच्यात लेरूंचं वजन फार, आणि तेच ज्यांना खुपत होतं ते बाहेर पडले. पुढारी दोन. मार्थेलिनो दोमिंगो, तोर्तोसाचा शाळामास्तर आणि पत्रकार. आणि आल्वारो दे आल्बोर्नोथ, अस्तुरियासमधल्या लुआर्काचा वकील. १७ ऑगस्ट १९३० च्या सान सेबास्तियान करारात, म्हणजे राजेशाही उलथायची असं प्रजासत्ताकवाद्यांनी ठरवलं त्यात, पक्षातर्फे हे दोघे आणि आंखेल गालार्था हजर होते. १४ एप्रिल १९३१ ला प्रजासत्ताक जाहीर झालं तेव्हा हंगामी सरकारात दोमिंगोंना शिक्षण आणि आल्बोर्नोथना सार्वजनिक बांधकाम मिळालं. डिसेंबर १९३१ पासून दोमिंगो शेती, उद्योग व व्यापार या एकत्र खात्यावर गेले, आल्बोर्नोथ न्यायखात्यावर.

१९३२ मध्ये पहिली फूट, सप्टेंबर १९३३ मध्ये दुसरी आणि खरी. १९३४ मध्ये एक तुकडा अथान्यांबरोबर 'इस्किएर्दा रेपुब्लिकाना'त, दुसरा लेरूंपासून फुटलेल्या मार्तिनेथ बार्रियोंबरोबर 'उनियोन रेपुब्लिकाना'त विरघळला.

माझं म्हणणं एवढंच की या पक्षाला मतांनी जेवढं बुडवलं त्याहून जास्त मतमोजणीच्या पद्धतीने बुडवलं. १९३१ चे साठ खासदार मुळात उसने होते. पटत नसेल तर खोडून काढा.

लिंबूटिंबू

पहिली अडचण नावाचीच. लेरूंचा पक्ष 'रॅडिकल', हा 'रॅडिकल समाजवादी', शिवाय खरे समाजवादी वेगळे. ह्यात समाजवाद किती?

दप्तरखाना

जवळजवळ नाही. नाव फ्रान्सकडून आलं. तिथल्या रॅडिकल-सोशालिस्ट पक्षासारखाच हा मध्यमवर्गाचा पक्ष: शिक्षक, वकील, डॉक्टर, पशुवैद्य, गावातले छोटे दुकानदार, काही भागांत छोटे शेतकरी आणि खंडकरी. कारखाने सरकारजमा करा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. 'समाजवादी' म्हणजे मजुरांविषयी सहानुभूती, सामाजिक कायदे आणि निवडणुकीत मजुरांच्या पक्षाशी, म्हणजे खऱ्या समाजवाद्यांशी, युती. 'रॅडिकल' म्हणजे मुख्यतः चर्चच्या बाबतीत कडक.

आणि लेरूंच्या नावातला 'रॅडिकल' हा १९०८ सालचा. तेव्हा तो बार्सिलोनात खरोखर जहाल होता. १९३१ पर्यंत शब्द तोच राहिला आणि पक्ष उजवीकडे सरकत गेला. स्पेनमधलं वर्तमानपत्र वाचताना नुसतं 'रादिकालेस' दिसलं तर ते लेरूंचे लोक. आपल्या धाग्यातले असतील तर जोडनाव असतं.

खडूस_वाचक

धागा चांगला आहे पण नावांची सरमिसळ होते आहे. 'आलियान्सा', 'आक्सियोन' लिहिता आणि 'अथान्या' पण लिहिता. एक काय ते ठरवा. माद्रिदच्या बोलीत इ आणि ए च्या आधीचा 'सी', तसाच 'झेड', यांचा उच्चार थ. म्हणजे मार्थेलिनो, आल्बोर्नोथ, अथान्या, आणि मग आलियान्थाही. आंदालुसियात आणि लॅटिन अमेरिकेत तिथे स. दोन्ही बरोबर, पण एका वाक्यात दोन्ही नको. 'जे'चा उच्चार ख किंवा ह च्या जवळचा. 'लेरूक्स' कृपया लिहू नका, शेवटचं अक्षर मुकं आहे: लेरू.

दप्तरखाना

मान्य. माणसांच्या नावांत थ ठेवतो, पक्षांची नावं शक्य तिथे मराठीत लिहितो.

आकडेमोड

'उसने खासदार' याबद्दल. धागाकर्त्यांचा मुद्दा बरोबर आहे, फक्त पद्धत नीट सांगायला हवी, नाहीतर लोक समजतात की तिथे प्रमाणशीर प्रतिनिधित्व होतं.

८ मे १९३१ च्या हुकुमाने जुने एकसदस्यीय मतदारसंघ मोडले, कारण तिथे गावोगावचे सरंजामदार, ज्यांना तिकडे 'कासिके' म्हणत, मतं खिशात घालून हिंडत. नवा मतदारसंघ म्हणजे अख्खा प्रांत. एक लाखावर वस्तीची शहरं वेगळी. साधारण ५०,००० लोकवस्तीमागे एक जागा. मतदाराला सगळ्या जागांइतकी नावं लिहिता येत नसत: २० जागा असतील तर १६, १० असतील तर ८, पाच असतील तर ४. निवडून यायला किमान २० टक्के मतं हवीत.

आता एक कल्पित प्रांत घ्या, १० जागांचा. प्रजासत्ताकवादी आणि समाजवादी मिळून आठ नावांची एकच यादी करतात. वाटाघाटीत ठरतं: समाजवादी चार, लेरूंचे दोन, रॅस दोन. मतदार सहसा यादी जशीच्या तशी टाकतो. यादीला ५२ टक्के मिळाले की आठही जण निवडून येतात; समोरच्याला ४० टक्के असले तरी उरलेल्या दोनच जागा. रॅसला इथे १० पैकी दोन जागा मिळाल्या. त्या प्रांतात त्यांचे सभासद समजा तीनशे असतील किंवा तीन हजार, मतपेटीतून ते कळायला काही मार्गच नाही. जागा ठरली ती बंद खोलीत, यादी करताना.

ह्याचा उलटा हिशोब १९३३ चा. २७ जुलै १९३३ च्या कायद्याने शहरासाठीची मर्यादा दीड लाख केली, आणि पहिल्या फेरीत निकाल लागायला कोणातरी उमेदवाराला ४० टक्के हवेत अशी अट घातली. नाही मिळाले तर दुसरी फेरी, तिथे आठ टक्क्यांवरचेच उमेदवार. म्हणजे मोठ्या आघाडीला आणखी बक्षीस. आणि नेमकं त्याच वेळी समाजवाद्यांनी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र लढायचं ठरवलं. वरच्याच कल्पित प्रांतात उजव्यांची एक यादी ४५ टक्के, समाजवादी ३०, डावे प्रजासत्ताकवादी १२. निकाल: उजवे आठ, समाजवादी दोन, प्रजासत्ताकवादी भोपळा. बारा टक्के लोक कुठे पळून गेले नाहीत. ते मोजलेच गेले नाहीत.

गंमत अशी की ही पद्धत उजव्यांनी नाही, ह्यांनीच केली होती.

पंतोजी

आकडेमोड यांचा हिशोब चोख आहे. पण समाजवादी वेगळे का लढले ह्याचं उत्तर त्यात नाही, आणि ते उत्तर पुन्हा रॅसकडेच येतं. त्याकडे येऊच.

त्याआधी दोमिंगोंच्या शिक्षणखात्याचा उल्लेख राहायला नको. आठ महिन्यांत या माणसाने जे केलं ते पक्षाची सगळ्यात टिकाऊ कमाई आहे. २९ मे १९३१ ला 'मिसियोनेस पेदागोखिकास'चा हुकूम, म्हणजे खेडोपाडी ग्रंथालयं, चित्रपट, नाटक आणि माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या चित्रांच्या नकला घेऊन जाणारी फिरती पथकं. अध्यक्ष मान्युएल बार्तोलोमे कोसियो. जूनमध्ये शाळांचा आराखडा: २७,००० शाळा कमी पडतात असा अंदाज धरून पाच वर्षांचा कार्यक्रम, पहिल्या वर्षी ७,००० शिक्षकांच्या जागा. प्राथमिक शिक्षणाचे संचालक रोदोल्फो योपिस, ते समाजवादी. ही जोडी जमली होती.

अडचण अशी की हुकूम निघाला तरी शाळेची जागा आणि इमारत गावाच्या पालिकेने द्यायची होती. जिथे पालिकेकडे पैसा नाही किंवा मन नाही, तिथे कागदावर शाळा आणि प्रत्यक्षात एखाद्या ओलसर खोलीत वर्ग. वर १९३३ च्या कायद्याने धर्मसंघांच्या शाळा बंद करायच्या ठरल्या, म्हणजे तेवढी आणखी मुलं सरकारी शाळेत सामावायची. ते वेळापत्रक पाळणं शक्यच नव्हतं.

अर्धशिशी

शिक्षणात उत्तम, शेतीत बुडाले. दोमिंगोंना शेतीखातं देणं हीच चूक.

गव्हाची गोष्ट सांगते, कारण पक्षाच्या मतदाराला सगळ्यात जास्त ती लागली. १९३१ चं पीक कमी आलं. १९३२ च्या वसंतात गव्हाचा भाव चढला, व्यापारी आणि मोठे शेतकरी साठा दाबून बसलेत अशी ओरड झाली. शहरात पाव महागणं प्रजासत्ताकाला परवडणारं नव्हतं. दोमिंगोंनी टप्प्याटप्प्याने आयातीचे परवाने काढले, सगळं मिळून सुमारे अडीच ते तीन लाख टन.

चुकलं काय? एक, साठा किती आहे याची खात्रीची आकडेवारी खात्याकडे नव्हती; प्रांतांकडून येणाऱ्या जबान्यांवर भिस्त होती, आणि शेतकरी करापायी नेहमीच कमी सांगतो. दोन, परवाना निघण्यापासून जहाज बंदराला लागेपर्यंत आठवडे जातात. शेवटचा गहू आला तो नवं पीक कापणीला आलं तेव्हा. तीन, १९३२ चं पीक विक्रमी निघालं, ५० लाख टनांच्या आसपास. भाव कोसळला. सरकारी किमान भाव होता, पण तो पाळायला लावणारी यंत्रणा नव्हती; ज्याला कर्ज फेडायचं होतं त्याने मिळेल त्या भावाला विकलं.

मोठा जमीनदार थांबू शकतो. वायादोलिद, बुर्गोस, पालेन्थियाकडचा वीस-तीस हेक्टरवाला थांबू शकत नाही. आणि रॅसला खेड्यांत पाय रोवायचे तर ते याच माणसाच्या ओट्यावर.

आकडेमोड

आयातीमुळेच भाव पडला असं म्हणता येणार नाही. ५० लाख टनांच्या पिकासमोर तीन लाख टन म्हणजे सहा टक्के. आयात शून्य असती तरी त्या वर्षी भाव पडलाच असता.

अर्धशिशी

अर्थशास्त्र म्हणून बरोबर, राजकारण म्हणून निरुपयोगी. शेतकऱ्याला बंदरात उतरलेली पोती दिसतात, पिकाची राष्ट्रीय बेरीज दिसत नाही. १९३३ च्या प्रचारात उजव्या शेतकरी संघटनांनी दोमिंगोंच्या नावावरच तो गहू खपवला.

दप्तरखाना

जमीन सुधारणेचा कायदाही त्याच खात्यातला. ९ सप्टेंबर १९३२ ला ३१८ विरुद्ध १९ मतांनी मंजूर. ऑगस्टमधलं जनरल सानखुर्खोचं बंड फसलं नसतं तर इतक्या चटकन झालाच नसता. वर्षाला ५ कोटी पेसेतांची तरतूद. १९३३ संपेपर्यंत या कायद्याखाली २४,२०३ हेक्टरवर ४,३९९ शेतकरी बसवले गेले. सुरुवातीच्या मसुद्यांत वर्षाला साठ-पंचाहत्तर हजार कुटुंबांची भाषा होती.

अर्धशिशी

तो आकडा अर्धाच सांगतो. एस्त्रेमादुरात १९३२ च्या हिवाळ्यात 'पिकांची वाढ' या नावाने वेगळा हुकूम निघाला. युंतेरो, म्हणजे खेचरांची जोडी आणि नांगर आहे पण जमीन नाही असे शेतकरी, त्यांना पडीक कुरणांवर दोन वर्षांपुरता कब्जा दिला. त्यात तीस हजारांहून जास्त कुटुंबांना जमीन कसायला मिळाली. कायद्यापेक्षा हा तात्पुरता हुकूमच मोठा ठरला. पण तात्पुरता तो तात्पुरताच. मुदत संपली आणि १९३४ नंतर त्यांना हुसकावायला सुरुवात झाली.

आणि कायद्याची खरी गोम पाचव्या कलमात. जप्तीयोग्य जमिनींचे तेरा प्रकार. त्यातला एक 'रुएदो': २५,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावापासून दोन किलोमीटरच्या आतली जमीन, मालक स्वतः कसत नसेल आणि त्या गावातल्या त्याच्या जमिनीचं आकारलेलं उत्पन्न १,००० पेसेतांवर असेल तर. हेतू होता गावाभोवतीची जमीन गावकऱ्यांना मिळावी. परिणाम असा की दक्षिणेतल्या हजारो एकरवाल्या सरदाराबरोबरच उत्तरेतली एखादी विधवा, जिने दोन-चार तुकडे खंडाने लावलेत, तीही नोंदवहीत आली. नोंदवहीत मालकांची संख्या ऐंशी हजारांच्या घरात गेली. त्यातल्या बहुतेकांची जमीन कधीच घेतली जाणार नव्हती. पण नाव चढलं की विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. म्हणजे चार हजार शेतकऱ्यांना जमीन देताना सत्तर-ऐंशी हजारांना घाबरवून ठेवलं.

लिंबूटिंबू

बाप रे. आणि चर्चचं काय? पक्ष तर त्यासाठीच प्रसिद्ध ना?

पंतोजी

तिथे ते अथान्यांच्याही डावीकडे होते. घटनेच्या मसुद्यात सगळे धर्मसंघ बरखास्त करून मालमत्ता सरकारजमा करायची असं कलम होतं, आणि रॅसला तेच हवं होतं. १३ ऑक्टोबर १९३१ च्या रात्री अथान्यांनी भाषण करून मधला तोडगा काढला: फक्त जेसुइट जातील, कारण त्यांची शपथ परकीय सत्तेशी, बाकीच्यांना शाळा चालवायला मनाई. तेच कलम २६. मंजूर झालं १७८ विरुद्ध ५९ मतांनी. एकूण सभासद ४७०, तेव्हा गैरहजर किती होते बघा.

पुढची अंमलबजावणी आल्बोर्नोथ यांच्या न्यायखात्यातून. जानेवारी १९३२: जेसुइट बरखास्त, स्मशानं पालिकेच्या ताब्यात. मार्च १९३२: घटस्फोटाचा कायदा. जून १९३३: धर्मसंघांचा कायदा. पक्षाने जे वचन दिलं ते जवळजवळ सगळं केलं, आणि मग त्यांच्याकडे सांगायला काही उरलं नाही. चर्चविरोध हा पक्षाचा डिंक होता. तो वापरून संपल्यावर जमीन, मजुरी, युती या प्रश्नांवर आत कोणाचंच कोणाशी जमत नाही हे उघडं पडलं. माझ्या मते फुटीचं मूळ इथे आहे, मतमोजणीच्या पद्धतीत नाही.

खडूस_वाचक

'रानडुकरं' कोणी सांगितली नाहीत अजून. ३० जुलै १९३१ ला कोर्तेसमध्ये, म्हणजे स्पेनच्या संसदेत, तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांनी सभागृहात तीन गोष्टी करायला आपण आलेलो नाही असं बजावलं: विदूषक, टेनर गायक आणि रानडुक्कर. त्यातलं रानडुक्कर, 'खाबाली', हे नाव रॅसमधल्या आरडाओरडा करणाऱ्या टोळीला कायमचं चिकटलं. त्यांच्यातला सगळ्यात गाजलेला खोआकिन पेरेथ माद्रिगाल. हा पुढे लेरूंकडे गेला आणि १९३६–३९ च्या यादवीत फ्रँकोच्या बाजूला. रानडुक्कर पाळीव व्हायला फार वेळ लागत नाही.

आणि ज्या एदुआर्दो ओर्तेगा इ गासेतने पुढे पक्ष फोडला तो याच तत्त्वज्ञाचा सख्खा भाऊ.

अर्धशिशी

स्त्रियांच्या मताधिकाराचा मुद्दा घ्यायलाच हवा. १ ऑक्टोबर १९३१. बाजूने १६१, विरुद्ध १२१. विरोधात मुख्यतः लेरूंचे रॅडिकल आणि आपले रॅस. रॅसतर्फे बोलायला उभी राहिली ती पक्षाची एकमेव महिला खासदार, व्हिक्टोरिया केंट. तिचं म्हणणं मताधिकार नकोच असं नव्हतं. तो पुढे ढकला, स्त्रिया अजून कबुलीजबाबाच्या खिडकीच्या प्रभावाखाली आहेत, त्या प्रजासत्ताकाविरुद्ध मत देतील. समोर क्लारा काम्पोआमोर, जिचा स्वतःचा रॅडिकल पक्ष तिच्या विरोधात. १ डिसेंबरला पुन्हा एकदा हे लांबवायचा प्रयत्न झाला, तो १३१ विरुद्ध १२७ असा जेमतेम फसला.

१९३३ ला डावे हरल्यावर 'बायकांनी घालवलं' ही कैफियत सुरू झाली. ती टिकत नाही. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्याच बायकांच्या मतांसह डाव्यांची एकत्रित जनआघाडी जिंकली. १९३३ आणि १९३६ मधला मोठा फरक हा की एकदा याद्या फुटलेल्या होत्या, एकदा जुळलेल्या. म्हणजे आकडेमोड यांच्याच पारड्यात माझं मत.

केंटबद्दल तेवढंच सांगून थांबू नये. तुरुंगखात्याची महासंचालक म्हणून तिने बेड्या-साखळ्या काढून घेतल्या आणि त्या वितळवून त्या धातूतून कोन्थेप्थियोन आरेनाल या तुरुंगसुधारक लेखिकेचा पुतळा करायला दिला. स्त्री-कैद्यांसाठी नन्सऐवजी प्रशिक्षित महिला कर्मचारी. १९३२ मध्ये तिला जावं लागलं. मार्च १९३१ मध्ये आल्बोर्नोथ यांच्या खटल्यात लष्करी न्यायालयापुढे बचावाला उभी राहिली होती ती हीच.

दप्तरखाना

आता फुटीवर येतो, पंतोजींनी टोचलंच आहे.

पहिली फूट १९३२ ची, डावीकडून. आलकोयचे खुआन बोतेया आसेन्सी आणि एदुआर्दो ओर्तेगा इ गासेत बाहेर पडले, 'डावे रॅडिकल समाजवादी' अशी वेगळी चूल. माणसं मोजकी, आवाज मोठा. जानेवारी १९३३ मध्ये कासास व्हिएखास इथे पोलिसांनी शेतमजुरांची कत्तल केली, ते प्रकरण कोर्तेसमध्ये लावून धरणाऱ्यांत एदुआर्दो ओर्तेगा पुढे होते. अथान्या सरकारची अब्रू तिथे गेली ती परत आली नाही.

दुसरी फूट उजवीकडून, आणि तिचा कर्ता फेलिक्स गोर्दोन ओर्दास. लेओनचा पशुवैद्य, संघटक म्हणून दोमिंगोंपेक्षा कितीतरी सरस. १९३१ मध्ये पशुसंवर्धनाचं स्वतंत्र महासंचालनालय निघालं त्यामागे त्याची आणि त्याच्या व्यवसायबंधूंची अनेक वर्षांची मागणी होती. त्याचं म्हणणं सरळ होतं: समाजवादी मजूरमंत्री लार्गो काबायेरोंचे कायदे आपला मतदार मारताहेत. उदाहरणार्थ २८ एप्रिल १९३१ चा गावहद्दीचा हुकूम: गावातले मजूर संपेपर्यंत बाहेरचा मजूर लावायचा नाही. जमीनदाराला लगाम म्हणून ठीक. पण ज्या छोट्या खंडकऱ्याला कापणीच्या आठ दिवसांत शेजारच्या गावचे नेहमीचे चार लोक हवेत, त्याचीही त्यात मान अडकली. आणि जो कापणीसाठी दुसऱ्या गावी जाऊन पोट भरायचा त्या मजुराचीही. वेतन ठरवणाऱ्या संयुक्त मंडळांवर समाजवादी संघटनेचं वर्चस्व, ही दुसरी तक्रार. जून १९३३ च्या माद्रिद अधिवेशनात त्याने हे सगळं तासन्‌तास मांडलं. निष्कर्ष: समाजवाद्यांशी युती तोडा, सगळ्या प्रजासत्ताकवाद्यांचं सरकार आणा, त्यात लेरूही चालतील.

दोमिंगो आणि आल्बोर्नोथ मंत्रिमंडळात, समाजवाद्यांच्या शेजारच्या खुर्चीत. पक्ष त्याच मंत्रिमंडळावर तोंडसुख घेतोय.

आकडेमोड

इथे पक्षाची घटना महत्त्वाची. अधिवेशन सर्वश्रेष्ठ, खासदार आणि मंत्री त्याला जबाबदार. कागदावर आदर्श लोकशाही. पण अधिवेशनात मत असतं ते स्थानिक शाखांचं, आणि १९३१ नंतर शाखा भराभर उगवल्या: सत्तेतला पक्ष आहे म्हटल्यावर काल राजाचा जयजयकार करणाराही फलक लावतो. त्यामुळे खासदार एका प्रकारच्या मतदाराचे, शाखा दुसऱ्याच प्रकारच्या लोकांच्या. खासदारांचा कौल आणि अधिवेशनाचा कौल वेगळा पडला की सोडवायला मधे कोणतीच कळ नव्हती. समाजवाद्यांकडे मजूर संघटना होती, अथान्यांच्या पक्षात अथान्या होते. इथे दोन्ही नाही.

पंतोजी

नेमकं. म्हणून म्हणतो, समाजवादी १९३३ मध्ये वेगळे का लढले? कारण सहकारी पक्षच त्यांना हाकला म्हणतो आहे हे त्यांना वर्षभर ऐकू येत होतं. लार्गो काबायेरोंसारख्यांना बाहेर पडायला निमित्त हवंच होतं, ते गोर्दोनने दिलं.

सप्टेंबर १९३३ चा क्रम बघा. ३ तारखेला घटनात्मक हमी न्यायाधिकरणाच्या प्रादेशिक जागांची निवड, सरकार पक्ष हरला. ८ ला अथान्या गेले. १२ ला लेरूंचं सरकार, त्यात रॅसचे दोन मंत्री: शेतीला रामोन फेथेद, शिक्षणाला दोमिंगो बार्नेस. जूनपासून अथान्यांच्या सरकारात शिक्षणमंत्री होते फ्रान्सिस्को बार्नेस. सख्खे भाऊ, एकच पक्ष, एकच खातं, आणि एकमेकांना पाडणारी दोन सरकारं! महिना संपायच्या आत माद्रिदला खास अधिवेशन, तिथे गोर्दोनचं बहुमत. मार्थेलिनो दोमिंगो आपले लोक घेऊन बाहेर पडले आणि 'स्वतंत्र रॅडिकल समाजवादी' पक्ष काढला. ३ ऑक्टोबरला कोर्तेसने लेरूंनाही १८७ विरुद्ध ९१ ने पाडलं. मार्तिनेथ बार्रियोंचं निवडणूक सरकार आलं, त्यात गोर्दोन उद्योगमंत्री आणि गंमत म्हणजे डावीकडून फुटलेले बोतेया आसेन्सी न्यायमंत्री.

लिंबूटिंबू

दोमिंगो आडनाव की नाव, यात माझा गोंधळ झाला होता. दोमिंगो बार्नेस हे नाव, मार्थेलिनो दोमिंगो हे आडनाव. बरोबर?

पंतोजी

बरोबर. आणि दोघे त्याच पक्षात, दोघे शिक्षणमंत्री झालेले. सूची करताना हमखास चुकतं.

आकडेमोड

कोणाला १९३१ च्या जागांची यादी स्वतः जुळवायची असेल तर आकडे का जुळत नाहीत त्याची कारणं:

एक, काही जण दोन-दोन प्रांतांतून निवडून आले, त्यांनी एक जागा सोडली. तक्ता जूनमधला की ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीनंतरचा ते आधी पाहा. दोन, कातालोनिया: दोमिंगोंचा जुना कातालान प्रजासत्ताक पक्ष १९३१ च्या मार्चमध्ये 'एस्केरा' या कातालान डाव्या पक्षात गेला, त्यामुळे तिथले काही लोक दोन्हीकडे मोजले जातात. तीन, यादीवर 'प्रजासत्ताक-समाजवादी आघाडी' एवढंच लिहिलेलं असे. उमेदवाराचा पक्ष कोर्तेसमध्ये तो कोणत्या गटात बसला यावरून ठरवावा लागतो. चार, माणसं फिरत राहिली: गालार्था १९३३ मध्ये समाजवादी झाले, पेरेथ माद्रिगाल लेरूंकडे गेले.

म्हणून तारीख न देता 'रॅसच्या ५९ जागा' असं लिहू नका. माणूस धरून मोजा आणि महिना लिहा.

खडूस_वाचक

विलीनीकरणाच्या तारखा कोणी तरी एकदा स्वच्छ लिहा.

दप्तरखाना

एप्रिल १९३४: अथान्यांचा पक्ष, मार्थेलिनो दोमिंगोंचे स्वतंत्र रॅस आणि कासारेस किरोगांचे गालिथियातले प्रजासत्ताकवादी, मिळून 'डावे प्रजासत्ताकवादी' (वर म्हटलेला 'इस्किएर्दा रेपुब्लिकाना'). सप्टेंबर १९३४: लेरूंपासून फुटलेले मार्तिनेथ बार्रियो आणि गोर्दोनचे उरलेले रॅस, मिळून 'प्रजासत्ताक संघ' ('उनियोन रेपुब्लिकाना'). जानेवारी १९३६ च्या जनआघाडीच्या करारावर दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत, समाजवाद्यांच्याही. म्हणजे १९३३ मध्ये ज्या युतीवरून मोडले, तिच्याच यादीत दोन्ही तुकडे अडीच वर्षांनी परत आले. केंट यावेळी डाव्या प्रजासत्ताकवाद्यांतर्फे खाएन प्रांतातून निवडून आली. याद्या जुळल्याबरोबर या दोन पक्षांना मिळून शंभरावर जागा.

पंतोजी, डिंक संपला हे मान्य. पण या शंभर जागांचं काय? त्या डिंकाने नाही आल्या.

पंतोजी

नाही आल्या. पण त्या रॅसलाही नाही आल्या. तोवर नाव पुसलेलं होतं. पद्धत कशी आहे हे १९३३ च्या उन्हाळ्यात सगळ्यांना माहीत होतं, कायदा त्यांनीच केला होता. तरीही ते फुटले. ते का, याचं उत्तर मतपेटीत नाही, माद्रिदच्या त्या अधिवेशनात आहे.

अर्धशिशी

पुढे काय झालं त्यांचं?

दप्तरखाना

मार्थेलिनो दोमिंगो मार्च १९३९ मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला वारले, प्रजासत्ताक संपायला महिना बाकी असताना. केंट पॅरिसमध्ये जर्मन ताब्याची वर्षं लपून काढून पुढे मेक्सिको आणि न्यूयॉर्कला गेली, १९८७ मध्ये न्यूयॉर्कलाच वारली. गोर्दोन यादवीत मेक्सिकोला राजदूत होते.

युद्धानंतर परागंदा प्रजासत्ताक सरकार चालू राहिलं. १९४७ ते १९५१ त्याचे पंतप्रधान आल्बोर्नोथ. त्यांच्यानंतर त्याच खुर्चीत, १९५१ ते १९६०, गोर्दोन ओर्दास.